बचावफळीतून बेंचमागे: फ्रेंच आइस हॉकीतल्या एका खेळाडू-प्रशिक्षकाचं प्रकरण

या प्रकरणातल्या माणसाला इथे नुसतं ‘बचावपटू’ म्हटलं आहे. गाव, क्लब, हंगाम मुद्दाम दिलेले नाहीत, आणि एकाहून जास्त कारकिर्दींतले प्रसंग एका सूत्रात ओवले आहेत. नियम, पदविका, कायदा आणि मैदानाची मापं मात्र खरी आहेत.

पार्श्वभूमी

फ्रान्समध्ये आइस हॉकीचं मोठं बळ डोंगराकडचं. एकट्या शामोनीच्या नावावर 30 राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. ग्रनोब्ल, गाप, ब्रियाँसाँ ही ठिकाणंही आल्प्समधलीच. रुआँ, आमियाँ, आँजे या सपाटीवरच्या शहरांनी पुढे आपापला जम बसवला. सर्वांत वरच्या लीगचं नाव लीग माग्नुस. 1908 मध्ये पॅरिसला स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे पहिले अध्यक्ष लुई माग्नुस यांच्यावरून ते पडलं. तिच्याखाली डिव्हिजन 1, 2 आणि 3. हॉकीला स्वतःचा महासंघ मिळाला तो 2006 मध्ये. तोवर हा खेळ फिगर स्केटिंगसकट सगळ्या बर्फावरच्या खेळांच्या एकत्र कुटुंबात राहत होता.

उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल लीगच्या पगाराचे आकडे इथे डोक्यातून काढून टाकावेत. डिव्हिजन 1 मधले बरेच खेळाडू नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळतात.

आपला बचावपटू खोऱ्यातल्या गावचा. पाचव्या वर्षी स्केट्स चढवले, माग्नुसमध्ये बाराएक हंगाम खेळला. काठी उजवीकडून चालवणारा. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण नाही. मैदानाभोवतीच्या उजव्या कडेच्या फळीला चिकटून येणारा पक (खेळायची रबरी चकती) उजव्या काठीच्या खेळाडूला सरळ पात्यावर मिळतो. डाव्या काठीवाल्याला तोच उलट्या पात्यावर घ्यावा लागतो आणि त्यात अर्धा सेकंद जातो. उजव्या काठीचे बचावपटू कमी असतात, आणि फ्रान्समध्ये घडलेले तर आणखी कमी. म्हणून वेग उतरला तरी त्याला मागणी राहिली.

वेग उतरला त्याचं कारण वय, आणि वेळापत्रकही. 2016-17 च्या हंगामापासून माग्नुस 12 संघांची झाली आणि साखळी सामने 26 वरून 44 वर गेले. तिशी ओलांडलेल्या कंबरेला हा फरक लगेच कळतो. बचावपटूचा निम्मा खेळ उलट्या स्केटिंगचा. मांडीच्या सांध्यावर येणारा ताण त्यातून वळताना सर्वांत जास्त.

अडचण

वय 34. फ्रान्समध्ये व्यावसायिक खेळाडू आणि प्रशिक्षकांचे करार 27 नोव्हेंबर 2015 च्या कायद्याप्रमाणे ठरावीक मुदतीचे असतात: कमीत कमी 12 महिन्यांचा एक हंगाम, जास्तीत जास्त 5 वर्षं. त्याचा करार 30 जूनला संपत होता. एप्रिलमध्ये क्लबने सांगितलं की पुढच्या हंगामात जागा आहे, पण सातव्या बचावपटूची.

सातवा म्हणजे काय ते सांगायला हवं. सामन्याच्या यादीत दोन गोलरक्षक धरून 22 खेळाडू. बचावाच्या तीन जोड्या, म्हणजे सहा जण, आलटून पालटून 40-45 सेकंदांच्या शिफ्टवर बर्फावर जातात. सातवा बसून राहतो. कुणी जखमी झालं तर थंड पायांनी उतरतो आणि पहिल्याच शिफ्टमध्ये मागे पडतो.

त्याच महिन्यात डिव्हिजन 1 मधल्या एका क्लबचा फोन आला: खेळाडू आणि मुख्य प्रशिक्षक, दोन्ही तूच. फ्रेंचमध्ये याला ‘आँत्रेनर-ज्वार’ म्हणतात. छोट्या क्लबांची ही जुनी युक्ती आहे. एका पगारात दोन माणसं.

समोर असलेले पर्याय

पहिला, सातवा बचावपटू म्हणून एक हंगाम काढणं. पैसे ओळखीचे, घर हलवायला नको. पण पुढच्या एप्रिलमध्ये हाच प्रश्न, वर एक वर्ष वाढलेलं.

दुसरा, खेळाडू-प्रशिक्षक. पद मोठं, पण हाती कागद नव्हता. फ्रान्समध्ये मोबदला घेऊन खेळ शिकवायचा तर मान्य पदविका आणि व्यावसायिक कार्ड लागतं. कार्ड पाच वर्षांचं असतं आणि ते देताना माणसाची गुन्हेगारी नोंद तपासली जाते. याशिवाय पैसे घेऊन शिकवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि 15,000 युरोपर्यंत दंड. क्लबच्या अध्यक्षांचं म्हणणं होतं, “कागदाचं बघू नंतर.”

तिसरा, खेळणं थांबवून आधी पदविका पूर्ण करणं आणि तोवर मुलांच्या संघाबरोबर काम. सर्वांत सरळ रस्ता, आणि सर्वांत कमी पैशांचा.

पहिला पर्याय त्याने दोन दिवसांत सोडला. दुसरा आणि तिसरा एकत्र करता येतील का, हे तो पाहू लागला. विचार चुकीचा नव्हता, मोजमाप चुकलं.

काय ठरलं

‘देजेप्स’ ही प्रशिक्षकाची पदविका नोकरी सांभाळून करता येते. एकूण 1,200 तास, त्यांतले 700 प्रशिक्षण केंद्रात आणि उरलेले क्लबात प्रत्यक्ष कामाचे. चार घटक, प्रत्येक वेगळा उत्तीर्ण व्हायचा. हिच्यावरची पदविका ‘देसजेप्स’. नाव नोंदवलेल्या प्रशिक्षणार्थ्याला पदविकाधारक मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काम करता येतं. क्लबच्या युवा विभागाच्या प्रमुखाकडे देसजेप्स होती. त्याला मार्गदर्शक नेमलं, तसं करारात लिहून घेतलं आणि दोन हंगामांवर सही केली.

अध्यक्षांचं ‘नंतर बघू’ ऐकून न घेता आधी मार्गदर्शकाचं नाव कागदावर आणणं हा सबंध प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय. पण 700 तास म्हणजे दिवसाला सात तासांच्या हिशेबाने 100 दिवस. दोन वर्षांत विभागले तरी सरासरी दर महिन्यात चारेक दिवस तो क्लबात नसणार होता. ते दिवस कोणते, हे कुणी वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहिलं नाही. नोव्हेंबरमध्ये त्याचा एक आठवडा केंद्रात गेला आणि त्याच आठवड्यात संघाचे दोन सामने होते.

बेंचवर कुणीच नाही

बाहेरून वाटतं, शिफ्ट 45 सेकंदांची. तेवढ्यापुरतं दुसऱ्या कुणीतरी बघावं. प्रत्यक्षात ते 45 सेकंद कधीच 45 नसतात. शिफ्ट संपवून बचावपटू बेंचवर येतो तेव्हा श्वास जागेवर यायला दोन मिनिटं तरी लागतात. त्या दोन मिनिटांत पुढच्या तीन शिफ्ट निघून जातात. खेळ थांबल्यावर पाहुण्या संघाने आधी आपले खेळाडू उतरवायचे आणि मग यजमानांनी. घरच्या मैदानाचा हा मोठा फायदा, कारण समोर कोण आलं ते बघून आपली जोडी पाठवता येते. हा प्रशिक्षक धापा टाकत असल्यामुळे संघ तो फायदा सरळ सोडून देत होता. गेटवर उभा असलेला युवा प्रशिक्षक दार उघडायचा आणि मिटायचा. नावं पुकारायचा अधिकार त्याला कुणी दिलाच नव्हता.

दुसरी चूक जास्त मानवी. शेवटची पाच मिनिटं आणि एका गोलची आघाडी असली की तो स्वतःलाच पाठवायचा, कारण सर्वांत भरवशाचा बचावपटू तोच होता. एका सामन्यात शेवटच्या चार मिनिटांत त्याने स्वतःच्या तीन शिफ्ट घेतल्या. तिसऱ्या वेळी पक गोलमागच्या कोपऱ्यात अडकला, त्याने थकून तो फळीवरून लांब मारला, पक मधल्या रेषेच्या अलीकडून थेट पलीकडची गोलरेषा ओलांडून गेला आणि आयसिंग झालं. आयसिंग करणाऱ्या संघाला खेळाडू बदलता येत नाहीत. तेच पाच दमलेले खेळाडू, आणि आपल्याच गोलजवळ फेस-ऑफ, म्हणजे दोघांच्या मध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू. त्या वेळच्या नियमाने अशा वेळी 30 सेकंदांचा टाइमआउट घेता येत होता. संघाकडे सामन्यात एकच असतो, आणि तो शिल्लक होता. पण मागायचा कुणी? मागणारा माणूस बर्फावर वाकून श्वास घेत होता. बरोबरीचा गोल तिथेच बसला.

आघाडी घालवणं ही तशी फ्रेंच हॉकीला अपरिचित गोष्ट नाही. मे 2019 मध्ये कोशित्से इथे जागतिक स्पर्धेत फ्रान्सचा संघ ब्रिटनविरुद्ध 3-0 ने पुढे होता, जादा वेळेत 4-3 ने हरला आणि वरच्या गटातून खाली गेला. तिथे बेंचमागे पूर्ण फौज होती, तरीही. इथे बेंचमागे कुणीच नव्हतं.

डिसेंबरमध्ये तीन मार्ग मांडले गेले: तिसऱ्या जोडीत थोडंच खेळायचं, फक्त पॉवर प्लेपुरतं (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) उतरायचं, किंवा खेळणं थांबवायचं. मधला मार्ग गोड वाटत होता, कारण पॉवर प्लेमध्ये उलटं स्केटिंग कमी. मार्गदर्शकाने तो मोडीत काढला: पॉवर प्ले मिळाला तोच क्षण प्रशिक्षकाने फळ्यावर रचना दाखवायचा असतो, आणि तू त्या वेळी हातमोजे चढवत असशील. नाताळच्या सुट्टीत त्याने खेळाडू म्हणून शेवटचा सामना खेळला. जागा 20 वर्षांखालच्या संघातल्या एका मुलाला दिली.

अंगात आहे ते सांगायचं कसं

बेंचमागे उभं राहिल्यावर वेगळीच अडचण वर आली. त्याची ओळख होती ‘गॅप’साठी, म्हणजे चाल करून येणाऱ्या खेळाडूपासून राखलेलं अंतर. सर्वसाधारण ठोकताळा असा: मधल्या लाल रेषेपाशी दोन काठ्यांचं अंतर, स्वतःच्या निळ्या रेषेपाशी, म्हणजे आपल्या बचावाच्या पट्ट्याच्या सीमेवर, एका काठीचं. जास्त सोडलं तर समोरचा निळी रेषा फुकटात ओलांडतो. कमी ठेवलं तर वेगात बगल देऊन जातो. कबड्डीतल्या कोपरारक्षकासारखं आहे हे. चढाईवाल्याला आत येऊ द्यायचं, पण कुठवर, ते पायांना कळावं लागतं.

वीस वर्षं त्याच्या पायांना ते कळत होतं. मुलांना तो सांगायचा, “आता वळ.” मुलं वळायची, उशिरा. ‘आता’ म्हणजे कधी, हे त्यालाच शब्दांत माहीत नव्हतं.

उपाय साधा निघाला. प्रेक्षागृहात वरच्या पायरीवर तिकाटण्यावर फोन लावून सामना चित्रित करायचा. चाल करणारा खेळाडू निळ्या रेषेवर आला की चित्र थांबवायचं, आणि बचावपटूच्याच काठीच्या लांबीने पडद्यावर अंतर मोजायचं. नियमाने काठीची लांबी जास्तीत जास्त 163 सेंमी. बहुतेकांची दीड मीटरच्या आसपास. चार-पाच सामन्यांच्या तुकड्यांतून एक गोष्ट दिसली. मुलं निळ्या रेषेवर चुकत नव्हती. त्याआधी लाल रेषेपाशीच ती तीन-चार काठ्या मागे असायची, आणि निळ्या रेषेवर घाईने अंतर भरून काढताना कंबर एका बाजूला उघडी पडायची. चूक जिथे दिसत होती तिथे ती होतच नव्हती.

मग सराव असा बसवला. आठवड्याला 75 मिनिटांचे चार सराव मिळत. पातिनवार, म्हणजे बर्फाचं मैदान, नगरपालिकेचं, आधी सार्वजनिक स्केटिंग, नंतर फिगर स्केटिंग, मध्ये बर्फ गुळगुळीत करणाऱ्या गाडीची 10-15 मिनिटं. प्रत्येक सरावात 12 मिनिटं फक्त बचावपटूंची:

पहिली चार मिनिटं काठी उलटी धरायची, पातं वर. काठी पोचेनाशी झाली की अंतर पायांनीच राखावं लागतं. हात लांब करून पक हिसकायची सवय लागलेला मुलगा पहिल्या दोन फेऱ्यांत हमखास फसतो. त्याला थांबवायचं नाही, फसू द्यायचं.

पुढची चार मिनिटं काठी सरळ, पण बचावपटूने मधल्या वर्तुळाच्या वरच्या टोकावरून सुरुवात करायची. म्हणजे अंतर सुरुवातीलाच बांधलेलं.

शेवटची चार मिनिटं दोघांविरुद्ध दोघे, आणि बचावपटूंनी फेस-ऑफच्या ठिपक्यांच्या आतच राहायचं.

ठिपक्यांचा मुद्दा मैदानाच्या मापामुळे आला. शेवटच्या पट्ट्यातले ठिपके दोन्ही गोल जोडणाऱ्या काल्पनिक रेषेपासून दोन्ही बाजूंना 7 मीटरवर असतात. माग्नुसमध्ये तो 30 मीटर रुंद मैदानावर वाढला होता. तिथे ठिपक्यापासून फळीपर्यंत 8 मीटर. या क्लबचं मैदान 26 मीटर रुंद, म्हणजे 6 मीटर. दोन मीटर कमी याचा अर्थ चाल करणाऱ्याला कडेने वळसा घालायला जागा कमी, आणि बचावपटूला बाहेर धावून जायची गरजही कमी. पहिले तीन महिने तो मोठ्या मैदानाची शिकवण छोट्या मैदानावर देत होता. मुलं कडेला ओढली जात होती आणि गोलसमोरची जागा मोकळी राहत होती.

दुसऱ्या सत्राचं दुखणं

संघावर होणाऱ्या गोलांपैकी निम्म्याहून जास्त दुसऱ्या सत्रात होत होते. आधी सगळे फिटनेसला बोल लावत होते. कारण वेगळं होतं.

20 मिनिटांच्या प्रत्येक सत्रानंतर संघ बाजू बदलतात, बेंच मात्र जागचे हलत नाहीत. पहिल्या आणि तिसऱ्या सत्रात आपला बेंच आपल्या बचावाच्या अर्ध्यात असतो, दुसऱ्यात पलीकडच्या. बचावपटूला बेंच गाठायला जास्त अंतर कापावं लागतं, आणि त्याच्या जागी येणाऱ्यालाही. समोरच्या संघाने दबाव धरून ठेवला की दमलेली जोडी मिनिट-दीड मिनिट अडकून पडते.

ड्रेसिंग रूमच्या दारावर दोन नियम लागले. दुसऱ्या सत्रात शिफ्ट 35 सेकंदांची. आणि पक पलीकडच्या गोलरेषेच्या मागे गेल्याशिवाय बचावपटूने बेंचकडे बघायचंही नाही. गेला की बेंचकडच्या बाजूचा आधी निघेल, दुसरा मधोमध सरकून थांबेल, बदली आत आली की मगच तो निघेल. लाल रेषेवरून कसाबसा पुढे ढकललेला पक, आणि त्यावर दोघंही एकदम बेंचकडे, ही जी चाल बोकाळली होती ती थांबायला सहा आठवडे लागले. फिटनेसच्या जादा फेऱ्या त्याआधी दोन महिने चालू होत्या. फुकट गेल्या.

जुना जोडीदार

उजव्या-डाव्या जोडीतला त्याचा जुना डावा जोडीदार याच क्लबात होता, वय 36. दोघांनी तरुणपणी चार हंगाम एकत्र काढले होते. संघात सगळे आपल्या बचावपटूला टोपणनावाने आणि अरे-तुरेच करायचे. फ्रेंच हॉकीत ते चालतं आणि त्यात अवमान नाही. अडचण बसायच्या जागेची झाली. खेळाडू होता तोवर त्याची जागा ड्रेसिंग रूममध्ये, जोडीदाराच्या शेजारी. खेळणं थांबवल्यावरही तो तिथेच बसून स्केट्स बांधत राहिला. त्यामुळे त्याच्यासमोर कुणी तक्रार करेना.

जोडीदार हळू झाला होता. चित्रणात ते स्पष्ट दिसत होतं. तरी फेब्रुवारीपर्यंत तो पहिल्या जोडीत राहिला, शेजारी नवखा मुलगा देऊन. मुलगा दोघांचं स्केटिंग करत होता आणि चुका त्याच्या नावावर जमा होत होत्या. शेवटी जोडीदारानेच सरावानंतर विचारलं, “काय ठरलंय ते सांग ना. मला यादी बघून कळायला नको.”

“तिसरी जोडी. आणि पेनल्टी किल.”

“एवढं सांगायला तीन महिने?”

पेनल्टी किलमध्ये, म्हणजे आपला खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना, तो उपयोगी पडला, कारण चौकोनी रचनेत धावपळ कमी आणि पासच्या वाटेत काठी ठेवायचं कसब जास्त लागतं. पण मुलाचा आत्मविश्वास तोवर बराच खचला होता. पुढच्या हंगामात तो दुसऱ्या क्लबात गेला.

निष्पत्ती

पहिल्या हंगामात संघ खालच्या अर्ध्यात राहिला, खालच्या श्रेणीत मात्र गेला नाही. दुसऱ्या हंगामात बचाव सुधारला. पॉवर प्ले जेमतेमच राहिला, कारण त्याकडे प्रशिक्षकाचं लक्षच नव्हतं. बचावपटूतून घडलेल्या प्रशिक्षकांत हे बरेचदा दिसतं: गोल थोपवायच्या सरावाला 12 मिनिटं ठरलेली, गोल करायच्या सरावाला उरलेला वेळ. पदविकेचे तीन घटक वेळेत झाले, चौथा एका सत्राने लांबला. क्लबने करार तीन हंगामांनी वाढवला, या वेळी फक्त प्रशिक्षक म्हणून.

काय वेगळं करता आलं असतं

खेळाडू-प्रशिक्षक हे पद घ्यायचंच असेल तर बेंचवर नावं पुकारायचा आणि टाइमआउट मागायचा अधिकार दुसऱ्या एका माणसाला पहिल्या दिवसापासून, करारात लिहून द्यायला हवा होता. शेवटच्या पाच मिनिटांत स्वतःला उतरवायचं नाही हा नियमही त्याच कागदावर.

प्रशिक्षण केंद्राची तारीखपत्रिका आणि सामन्यांचं वेळापत्रक जुलैमध्ये एकाशेजारी एक ठेवलं असतं तर नोव्हेंबरचा आठवडा टळला असता. केंद्रं तारखा बदलून देत नाहीत. सहायकाला तो आठवडा चालवायची तयारी ऑगस्टमध्येच करून द्यावी लागते.

चित्रण डिसेंबरनंतर सुरू झालं. त्याला लागलं काय, तर एक फोन आणि एक तिकाटणं. दुसऱ्या सत्राचे गोल कागदावर नुसते सत्रवार मांडले असते तरी ते दुखणं ऑक्टोबरमध्येच सापडलं असतं.

आणि बसायची जागा. खेळणं थांबवलं त्याच संध्याकाळी त्याने आपली बॅग उचलून प्रशिक्षकांच्या खोलीत न्यायला हवी होती. ती मार्चपर्यंत जोडीदाराच्या शेजारीच टांगलेली होती.